शिक्क्याचा कटोरा

मुंबई बेट ईस्ट इंडिया कंपनीच्या अमलाखाली येऊन पाव शतक लोटले होते, त्या सुमारास, म्हणजे इ. स. १६९४ मध्ये, तेथील सरकारने आपल्या दप्तरात असा एक हुकूम नोंदवून ठेवला की, तो वाचताना त्या काळची बंदराजवळची सायंकाळ माझ्या डोळ्यांपुढे साक्षात उभी राहते. खाणावळीत पंच नावाचे मिश्र मद्य पिण्यास येणाऱ्या इसमाने चांगल्या गोवेकरी अर्काचा एक क्वार्ट, अर्धा पौंड साखर व अर्धा पिंट लिंबाचा रस मागून घ्यावा आणि आपला पंच आपणच करावा. कटोऱ्यावर बाजाराच्या कारकुनाचा शिक्का नसल्यास तो कटोरा खुशाल फोडावा आणि ना कटोऱ्याचे दाम द्यावे ना पंचाचे, असा त्या हुकमाचा आशय. तयार मिश्रणात अर्क किती आणि पाणी किती हे जिभेला सहसा कळत नाही. जिन्नस सुटे मिळाले की लबाडीला जागा उरत नाही. या बंदोबस्तात मला विलक्षण शहाणपण दिसते, कारण मापाचा अधिकार सरकारने स्वतःकडे ठेवला आणि प्रमाणाचा मात्र पिणाऱ्याच्या हाती दिला.

हा गोवेकरी अर्क म्हणजे, गोव्यात ज्यांना रेंदेर आणि आमच्या कोकणात भंडारी म्हणतात, त्यांनी माडाच्या पोयीला छेद देऊन उतरवलेली माडी भट्टीवर चढवून गाळलेले मद्य. विलायतेहून निघालेली बिअर दीर्घ सागरप्रवासात व उष्ण हवेत आंबट होई, तेव्हा खलाशी आणि वखारवाले किनाऱ्यावर जे मिळेल त्यावर गुजराण करीत. पंचाचा जन्म या निकडीतून झाला असावा, असे मला वाटते. १६३२ मध्ये कोरोमंडलच्या किनाऱ्यावरून लिहिलेल्या एका इंग्रजाच्या पत्रात त्याचे नाव येते. १६३८ मध्ये सुरतेच्या वखारीत मँडेल्स्लो या जर्मन प्रवाशाने जे पेय पाहिले, त्यात मद्य, गुलाबपाणी, लिंबाचा रस आणि साखर होती. बर्निए या फ्रेंच प्रवाशाच्या वर्णनात गुलाबपाणी नाही, पण किसलेले जायफळ आहे. कंपनीचा वैद्य फ्रायर, जो १६७५ मध्ये जुन्नरपर्यंत जाऊन आला, तो पाच जिनसांवरून हे नाव पडले असे निःशंकपणे सांगतो. आपल्या ‘पाच’ शब्दाशी असलेले हे नाते मनाला सुखावते खरे, तथापि काही कोशकारांना ते मान्य नाही, आणि वरील वर्णनांतले जिनस मोजले तर पाचाचा मेळ क्वचितच बसतो. माझ्या मते पंचाची ठरीव कृती कधी नव्हतीच. आंबट, गोड, मादक आणि पाणी एवढी चौकट, आणि तीत हाताशी येईल ते.

पुढे हाच कटोरा लंडनच्या दिवाणखान्यांत गेला. १८६२ मध्ये अमेरिकेतील जेरी टॉमस याने मिश्र मद्यांचे पुस्तक छापले, तेव्हा त्याचा आरंभ पंचाच्याच कृतींनी केला. परंतु एव्हाना मिसळण्याचे काम बारच्या फळीमागील तज्ज्ञाकडे गेले होते आणि गिऱ्हाइकाने केवळ नाव उच्चारावयाचे होते. मुंबईच्या त्या हुकमाने दिलेला हक्क उरला तो घरात, जेथे पाहुणे बसले असता यजमान असेल ती बाटली पुढे ओढतो, साखर विरघळवतो, चमचाभर चाखतो आणि आणखी अर्धे लिंबू पिळतो.