तुरीचा भाव नेमका कोणता?

भावामुळे पिकांची फेरपालट बदलते का, हे लवळ्यात तपासायला गेलात तर फसाल. मुळशीच्या भातखाचरात पावसाळ्यात पाणी साचतं. तिथे भाताला पर्यायच कमी. म्हणून मराठवाडा-विदर्भातली तूर बघू.

२०१५ मध्ये तूरडाळ किरकोळीत २०० रुपये किलोच्या आसपास गेली. पुढच्या खरिपात बोनस धरून हमीभाव ५०५० रुपये क्विंटल झाला, पाऊसही बरा पडला, राज्यात सुमारे २० लाख टन तूर आली. बाजारभाव हमीभावाखाली घसरला. २२ एप्रिल २०१७ ला खरेदीची मुदत संपली तेव्हा केंद्रांबाहेर गाड्यांच्या रांगा होत्या.

मार्क नरलोव्हने १९५८ मध्ये मांडलं की शेतकरी अपेक्षित भावावर पेरतो, आणि ती अपेक्षा मागच्या भावांवरून बनते. त्यामुळे पेरा त्याच वर्षीच्या भावाशी जोडू नका. शिवाय तूर सहा-सात महिने रान अडवते. सोयाबीन ऑक्टोबरात निघतं, मागे हरभरा घेता येतो. म्हणजे तुरीची तुलना एका पिकाशी नाही, जोडीशी करायची. (हे बरेच जण विसरतात.) आणि हमीभावाचा आकडा तक्त्यात भरण्याआधी विचारा: केंद्र कधी उघडलं, पैसे कोणत्या तारखेला जमा झाले?