सणक, ठणका आणि अनंतवात

वेदनेच्या इतिहासात भाषेचा वाटा किती, हा प्रश्न साहित्याच्या वर्गात सहसा उपस्थित होत नाही. प्रस्तुत लेखात आम्ही तो एका विशिष्ट व्याधीच्या निमित्ताने मांडत आहोत. चेहऱ्याच्या एका बाजूस, गालात, हिरडीत वा जबड्यात विजेच्या झटक्यासारखी सणक उठते, काही सेकंद, फार तर दोन मिनिटे टिकते आणि नाहीशी होते. दात घासणे, दाढी करणे, घास चावणे, बोलणे, किंबहुना वाऱ्याची झुळूक लागणे एवढेही निमित्त तिला पुरते. डॉक्टर तिला 'ट्रायजेमिनल न्यूराल्जिया' म्हणतात. तिचे निदान आजही मुख्यतः रुग्णाच्या कथनावरूनच होते. एमआरआय काढतात तो कारण शोधण्यासाठी : एखादी रक्तवाहिनी मज्जातंतूवर टेकली आहे काय, गाठ आहे काय, हे पाहण्यासाठी. वेदना स्वतः कोणत्याही चित्रात उमटत नाही.

मराठीत या बाबतीत शब्दांचे दारिद्र्य नाही. ठणका, ठसठस, कळ, चमक, सणक, तिडीक हे शब्द एकमेकांच्या जागी सहज बसणारे नाहीत. किडलेल्या दाढेला ठणका लागतो आणि तो रात्रभर सोबत करतो. सणक येते आणि जाते. निदानाला हवा असलेला भेद बोलीने असा आधीच करून ठेवला आहे. परंतु दवाखान्याच्या पायरीपर्यंत तो टिकत नाही. आमच्या सोलापुरात घरी तेलुगू वा कन्नड, बाजारात मराठी आणि डॉक्टरांपुढे या सर्वांचे मिश्रण बोलणारी माणसे पेठापेठांत आहेत. या भाषांतरात सणक गळून पडते आणि 'दाढ दुखते' एवढेच उरते. पुढे निरोगी दाढ उपटली जाते, आणि सणक तशीच राहते.

हा घोटाळा आजचा नाही. जॉन लॉक आपल्याला तत्त्वज्ञ म्हणून ठाऊक आहे, पण तो वैद्यही होता. १६७७ मध्ये पॅरिस येथे इंग्रज राजदूताच्या पत्नीवर त्याने उपचार केले, तेव्हा तिचे दात आधीच काढून झाले होते. लॉकने तिच्या झटक्यांचे वर्णन पत्रांतून मित्रांना कळवले. या व्याधीच्या जुन्या नोंदींत ती पत्रे महत्त्वाची मानली जातात.

आपल्याकडे सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात अकरा शिरोरोग सांगितले आहेत, त्यांत 'अनंतवात' येतो. मानेमागून उठणारी, डोळा, भुवई व शंखप्रदेशात ठाण मांडणारी पीडा, गालाच्या बाजूस कंप, जबडा धरणे अशी त्याची लक्षणे आहेत. उपचार म्हणून शिरावेध आणि तूप-मधाचा आहार सांगितला आहे. अनेक वैद्य अनंतवात म्हणजेच हा आधुनिक विकार असे मानतात. आम्हास हे समीकरण घाईचे वाटते. मानेतली सुरुवात आणि नेत्ररोगांचा उल्लेख या वेदनेशी जुळत नाही. गालाचा कंप मात्र विलक्षण जुळतो. १७५६ मध्ये निकोला आंद्रे या फ्रेंच शल्यवैद्याने 'टिक दुलुरू', म्हणजे वेदनेने चेहरा आकसणे, हे नाव दिले ते नेमके त्याच खुणेवरून. सुश्रुताचे नाव दोषावरून आले, आंद्रेचे पाहणाऱ्याच्या नजरेतून. रुग्णाच्या बाजूचा तपशील, म्हणजे खाताना, बोलताना, नुसत्या स्पर्शाने होणारा उद्रेक, जॉन फोदरगिलच्या १७७३ मधील निबंधात सविस्तर येतो.

नावे मिळाली म्हणून उपाय सापडले असे झाले नाही. चेहऱ्याला हालचाल देणारा मज्जातंतू वेगळा आणि संवेदना देणारा वेगळा, हे चार्ल्स बेलने १८२० च्या दशकात स्पष्ट करेपर्यंत शल्यवैद्य कित्येकदा भलताच तंतू कापत. चेहरा लुळा पडे, वेदना कायम. १८५३ मध्ये त्रुसोने या झटक्यांचे अपस्माराशी साम्य दाखवले. त्याच वाटेने १९४२ मध्ये बर्गुइन्याँने फेनिटॉइन हे अपस्माराचे औषध या वेदनेवर वापरले. (त्याच वर्षी ९ डिसेंबरला सोलापूरचे सुपुत्र डॉ. द्वारकानाथ कोटणीस चीनमध्ये अपस्माराच्या झटक्यांनी वारले. या दोन घटनांचा संबंध नाही. पण सोलापूरकराला ही तारीख दिसल्यावाचून राहत नाही.) १९६२ मध्ये ब्लॉमने कार्बामाझेपिनचा गुण प्रसिद्ध केला. आजही पहिला उपाय तोच आहे.

येथून पुढे निवडीचा प्रश्न सुरू होतो. आमच्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी दोन वर्षे हेच औषध घेतले. सणक थांबली, पण वर्गात शिकवताना कवीचे नाव जिभेवर येऊन परत जाऊ लागले. रक्तातील सोडियम उतरले. मात्रा कमी केली की कडक भाकरीचा घास शिक्षा होई. शेंगाचटणी तर त्यांनी वर्ज्यच केली.

शस्त्रक्रियेचे दोन मार्ग त्यांच्यापुढे ठेवण्यात आले. एका मार्गात कानामागे कवटी उघडून रक्तवाहिनी आणि मज्जातंतू यांच्यामध्ये टेफ्लॉनचा तुकडा ठेवतात. ही पद्धत पीटर जॅनेटाने १९६७ पासून रूढ केली. त्याच्या गटाने १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत दहा वर्षांनंतरही सुमारे ७० टक्के रुग्ण वेदनामुक्त होते. चेहऱ्याची संवेदना बहुधा शाबूत राहते. पण मेंदूजवळची शस्त्रक्रिया ती, तिला बहिरेपणाचा आणि क्वचित प्राणाचाही धोका आहे. दुसऱ्या मार्गात गालातून सुई घालून तंतू उष्णतेने, ग्लिसरॉलने वा फुग्याच्या दाबाने दुखावतात. यात जोखीम कमी, परंतु गाल बधिर होऊ शकतो आणि वेदना परतू शकते. गॅमा किरणांचा गुण यायला आठवडे, कधी महिनेही लागतात. सर्वांत भयंकर शक्यता विरळ आहे : कापलेला वा जाळलेला भाग बधिरही होतो आणि दुखतही राहतो.

वेल्लोरला जेकब चांडी यांनी मेंदूशल्याचा विभाग १९४९ मध्ये सुरू केला, सोलापूरचे डॉ. वैशंपायन स्मृती वैद्यकीय महाविद्यालय १९६३ चे. तरी अशा निवडीसाठी येथील माणूस पुण्याची वा हैदराबादची गाडी अजूनही धरतो, आणि तेथे दहा मिनिटांत आपली कथा सांगतो.

आमच्या सहकाऱ्यांनी पुण्याला जाताना दोन पाने मराठीत लिहून नेली : सणक कोठून निघते, कोठे संपते, किती वेळ टिकते, कशाने उठते, मधल्या काळात काय वाटते. डॉक्टरांनी ती सावकाश वाचली आणि एकच प्रश्न विचारला, "सर, दोन सणकांच्या मध्ये ठणका राहतो का?" सर म्हणाले, "नाही, मध्ये अगदी स्वच्छ असते." तो 'स्वच्छ' शब्द डॉक्टरांनी कागदावर तसाच, देवनागरीत उतरवून घेतला. नंतर एमआरआयमध्ये रक्तवाहिनी टेकलेली दिसली. सरांनी कानामागची शस्त्रक्रिया निवडली. गाल बधिर झाला तर 'प' आणि 'ब' नीट उच्चारता येतील की नाही, ही शंका त्यांच्या मनातून जात नव्हती.