मेंदूंतील पूल आणि डावा कान

जालना शहरांतून कुंडलिका नदी वाहते. तिच्या एका तीरावर जुना जालना, तर दुसऱ्यावर कादराबाद. नदीवरचे पूल बंद पडले, तर दोन्ही वस्त्या जागच्या जागीं नांदतील. पण इकडचा निरोप तिकडे पोहोंचणार नाहीं. मनुष्याच्या मेंदूंतहि असाच एक पूल आहे. दोन गोलार्धांस जोडणाऱ्या सुमारें २० कोटी मज्जातंतूंच्या या जुडग्यास वैद्यकांत कॉर्पस कॅलोसम म्हणतात. तें तुटलें असतां ऐकण्याचें काय होतें, हें कळण्याचा इतिहास मोठा बोधप्रद आहे.

अपस्माराचा झटका एका गोलार्धांतून दुसऱ्यांत पसरूं नये, म्हणून अमेरिकेंतील शल्यवैद्य व्हॅन वॅगनेन यांनीं हे तंतु कापले व १९४० सालीं ती हकीकत प्रसिद्ध केली. ॲकेलायटिस यांनीं त्या रोग्यांस तपासलें. परंतु विशेष उणीव आढळली नाहीं. पूल जणूं निरुपयोगीच, असा समज त्यामुळें बळावला.

उणीव होती, ती पाहण्याची रीत नव्हती. १९५४ मध्यें इंग्लंडांत ब्रॉडबेंट यांनीं दोन्ही कानांस एकाच क्षणीं निरनिराळे आंकडे ऐकविण्याची पद्धति योजिली. तिच्याच साह्यानें मॉन्ट्रिअल येथें डोरीन किमुरा यांनीं १९६१ सालीं उजव्या कानाचें वर्चस्व दाखविलें. प्रत्येक कानाचा बलवत्तर मार्ग विरुद्ध बाजूच्या गोलार्धाकडे जातो. बहुतेकांची वाणी डाव्या गोलार्धांत वसते. म्हणून उजव्या कानाचे शब्द थेट तेथें पोहोंचतात, डाव्या कानाच्या शब्दांस मात्र पूल ओलांडावा लागतो.

१९६८ मध्यें मिल्नर, टेलर व स्पेरी यांनीं पूल कापलेल्या रोग्यांवर हाच प्रयोग केला. एकेका कानांत आंकडे सांगितले, तर रोगी दोन्ही बाजूंचे बिनचूक सांगत. कारण एकट्या कानास त्याच बाजूचा दुबळा मार्ग पुरतो. दोन्हीकडून एकदम सांगितले, कीं तो मार्ग दबून जाई व डाव्या कानाचे आंकडे बहुतेक नाहींसे होत. मेंदूच्या दोन गोलार्धांविषयींच्या संशोधनाबद्दल स्पेरी यांस १९८१ सालीं, म्हणजे जालना जिल्हा निर्माण झाला त्याच वर्षीं, नोबेल पारितोषिक मिळालें.

आघातानें किंवा मल्टिपल स्क्लेरॉसिससारख्या विकारानेंहि या पुलास इजा पोहोंचते. तेव्हां बाजाराच्या गलबल्यांत बोलणें कळत नाहीं असें कोणी म्हणाला, आणि एकेका कानाची तपासणी निर्दोष निघाली, तर तेवढ्यावरून त्यास सोंगाड्या ठरवूं नये. कान धड असूनहि शब्द वाटेंतच अडकलेला असूं शकतो.