कप्तानाची सनद

रोग्याची नाडी पाहणाऱ्या वैद्याजवळ विद्यापीठाची पदवी असावी, अशिलाची बाजू मांडणाऱ्या वकिलाजवळ सनद असावी, हें सुशिक्षित समाजाला इतकें स्वाभाविक वाटतें कीं, त्यामागें कांहीं इतिहास असेल हें सहसा कोणाच्या मनांतहि येत नाहीं. परंतु शेंकडों माणसांचे प्राण आणि लाखों रुपयांचा माल घेऊन भरसमुद्रांत जाणाऱ्या कप्तानाला मात्र फार काळपर्यंत अशी कोणतीच सनद दाखवावी लागत नव्हती. ज्या इंग्लंडचें वैभव जहाजांवर उभें राहिलें, त्या इंग्लंडांतहि १८५० सालापर्यंत व्यापारी जहाजाचा कप्तान होण्यास एकच गोष्ट पुरेशी होती. ती म्हणजे जहाजाच्या मालकाची मर्जी. ही मर्जी मागें सरून तिच्या जागीं परीक्षा कशी आली, आणि परीक्षा आल्यावरहि ज्यांना ती देतांच येईना अशा लोकांचें काय झालें, हा इतिहास मोठा उद्बोधक आहे. त्याचा एक महत्त्वाचा अध्याय मुंबईच्या बंदरांतच घडला आहे.

१८१५ सालीं युरोपांतील दीर्घकालीन युद्धें संपलीं आणि इंग्लंडचा समुद्रव्यापार झपाट्यानें वाढूं लागला. जहाजें वाढलीं तशीं बुडणारीं जहाजेंहि वाढलीं. मालकाचें नुकसान विम्यांतून भरून येई. बुडालेल्या माणसांची भरपाई कोण करणार? अखेर १८३६ सालीं या आपत्तींचीं कारणें शोधण्यासाठीं कॉमन्स सभेनें एक समिति नेमली. तिचे अध्यक्ष जेम्स सिल्क बकिंगहॅम हे होते. हिंदुस्थानांतील वृत्तपत्रांच्या इतिहासांत हें नांव परिचित आहे. कलकत्त्यास ‘कॅलकटा जर्नल’ हें पत्र चालवून कंपनी सरकारवर टीका केल्याबद्दल १८२३ सालीं ज्यांना हद्दपार करण्यांत आलें, तेच हे गृहस्थ. तरुणपणीं त्यांनीं स्वतः जहाजें चालविलीं होतीं. त्यामुळें समुद्रावर काय चालतें हें त्यांना ऐकून नव्हे, पाहून माहीत होतें. समितीनें जहाजांच्या सदोष बांधणीबरोबरच कप्तान व मेट यांच्या अज्ञानावर आणि मद्यपानावर नेमकें बोट ठेवलें व अधिकाऱ्यांची परीक्षा घेतली जावी अशी सूचना केली.

ही सूचना कांहीं वर्षें तशीच पडून राहिली. १८४३ सालीं परराष्ट्रखात्यांतील जेम्स मरे यांनीं देशोदेशींच्या ब्रिटिश कॉन्सलांना पत्रक पाठवून, त्यांच्या बंदरांत येणाऱ्या ब्रिटिश कप्तानांचें ज्ञान व वर्तन कसें असतें याची विचारणा केली. उत्तरें आलीं तीं ब्रिटिश अभिमानाला खालीं पाहावयास लावणारीं होतीं. १८४५ सालीं ऐच्छिक परीक्षा सुरू झाली. पण ज्याला परीक्षेची खरी गरज असते तो आपण होऊन परीक्षेला बसत नाहीं, हा सार्वत्रिक अनुभव येथेंहि आला. शेवटीं १८५० चा कायदा झाला आणि १८५१ च्या आरंभापासून परदेशीं जाणाऱ्या जहाजांवरील कप्तान व मेट यांना दाखला सक्तीचा ठरला.

कायदा करणाऱ्यांनीं एक व्यवहारी तडजोड केली. जे आधींपासून त्या जागांवर काम करीत होते, त्यांना केलेल्या नोकरीच्या आधारावर दाखला देण्यांत आला. नव्यानें येणाऱ्यांना मात्र परीक्षा देऊन लायकीचा दाखला मिळवावा लागे. सेकंड मेट, फर्स्ट मेट आणि मास्टर अशी चढती श्रेणी ठरली. लेखी परीक्षेंत सूर्य व तारे यांच्या वेधांवरून जहाजाचें स्थान काढावें लागे. तोंडी परीक्षेंत एखादा मुरलेला जुना दर्यावर्दी समोर बसे आणि, वारा असा फिरला, किनारा इतका जवळ आला, शीड फाटलें, आतां काय कराल, असें एकामागून एक विचारून उमेदवाराला घाम फोडी. या दाखल्याचें खरें बळ आणखी एका गोष्टींत होतें. अपघाताची चौकशी होऊन कप्तानाचा दोष सिद्ध झाला, तर दाखला काढून घेतां येई. मालकाची मर्जी कायम असली तरी अशा माणसाला पुन्हां जहाज मिळत नसे. पुढें आगबोटींचा जमाना आला, तेव्हां १८६२ सालीं इंजिनियरांनाहि दाखल्याची सक्ती झाली.

तथापि परीक्षेच्या दाराशीं एक उंबरठा होता. सेकंड मेटच्या परीक्षेला बसण्यापूर्वीं उमेदवारानें चार वर्षें प्रत्यक्ष समुद्रावर काढलेलीं असलीं पाहिजेत, असा नियम होता. नियम रास्तच होता; पोहणें जसें पुस्तकांतून येत नाहीं, तसें जहाज चालविणेंहि येत नाहीं. पण विद्या मनुष्य आपल्या कष्टानें मिळवूं शकतो. जहाजावरची जागा मात्र दुसऱ्यानें द्यावी लागते. सनदेचा अर्धा भाग उमेदवाराच्या हातीं आणि अर्धा जहाजमालकाच्या हातीं, अशी ही व्यवस्था होती.

ज्याला जहाज मिळालें त्याच्यासाठीं हा मार्ग किती मोकळा होता, हें जोसेफ कॉनरॅड यांच्या चरित्रावरून दिसून येतें. पुढें इंग्रजी कादंबरीकार म्हणून कीर्ति मिळविलेला हा पुरुष जन्मानें पोल होता. १८७८ सालीं तो इंग्लंडच्या किनाऱ्यावर उतरला तेव्हां त्याला इंग्रजी जेमतेमच येत होतें. ब्रिटिश जहाजांवर राबून त्यानें १८८० सालीं सेकंड मेटची परीक्षा दिली. १८८४ सालीं एकदां नापास होऊन तो फर्स्ट मेट झाला. आणि १८८६ सालीं, तेथेंहि एकदां अपयश पदरीं घेऊन, मास्टर झाला. पहिल्या दोन परीक्षा दिल्या तेव्हां तो ब्रिटिश प्रजाजनहि नव्हता. परकीयालाहि ही सनद देणारी व्यवस्था अनुदार होती असें कोणी म्हणूं शकणार नाहीं.

याच काळांत ब्रिटिश आगबोटींवर हजारों हिंदी खलाशी काम करीत होते, आणि ते तर ब्रिटिश साम्राज्याचे प्रजाजन होते. रत्नागिरी जिल्ह्यांतील खाडीकांठच्या गांवांतून पिढ्यान्‌पिढ्या माणसें मुंबईस येऊन बोटीवर चढत. डेकवर सारंग हा त्यांचा मुख्य; त्याच्या हाताखालीं तांडेल, कसब, सुकाणी आणि साधे खलाशी. भटारखान्यांत व सलूनमध्यें बहुधा गोमंतकीय असत. खालीं इंजिनाच्या धगींत कोळसा ओढणारे पंजाब व सिल्हेट या बाजूंचे असत. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास ब्रिटिश व्यापारी जहाजांवर असे सुमारें पन्नास हजार लोक होते. त्यांचें वेतन युरोपीय खलाशाच्या वेतनाच्या तिसऱ्या ते पांचव्या हिश्श्याइतकें असे. चाकावर हात कोंकणच्या सुकाण्याचा असे; हुकूम मात्र दुसऱ्याचा. तीस-तीस वर्षें समुद्रावर काढून केस पांढरे झालेला सारंग कालच मिसरूड फुटलेल्या गोऱ्या थर्ड मेटपुढें अदबीनें उभा राही.

असें कां व्हावें? परदेशगमन निषिद्ध मानणारी धर्मरूढि हें त्याचें कारण, असें पुष्कळदां सांगण्यांत येतें. पांढरपेशा वर्गापुरतें त्यांत कांहीं तथ्य आहे. पण कोंकणी मुसलमान, खारवी, कोळी, भंडारी यांना समुद्र कधींच वर्ज्य नव्हता. तो त्यांच्या अंगणांतच होता. तेहि कप्तान झाले नाहींत, तेव्हां दोष केवळ रूढीच्या माथीं मारतां येत नाहीं. खरें कारण त्या उंबरठ्याशींच आहे. हिंदी माणसाला परीक्षेस बसूं देऊं नये, असें कलम लिहिण्याची गरजच पडली नाहीं. १८२३ च्या कायद्यानें हिंदी खलाशी, ब्रिटिश मुलखांत जन्मलेला असला तरी, ब्रिटिश नाविक गणला जाणार नाहीं, असें ठरवून टाकलेलें होतें. पुढें त्याच्यासाठीं करारपत्रें निराळीं, वेतन निराळें, राहण्याची जागाहि निराळी झाली. अधिकारी होऊं पाहणाऱ्या मुलांना उमेदवार म्हणून घेणें हें कंपन्यांच्या इच्छेवर होतें, आणि हिंदी मुलांच्या बाबतींत ती इच्छा नव्हती. नदींतल्या लहान आगबोटी चालविण्याचे परवाने सारंगांना मिळत. महासागराची सनद मात्र त्यांच्यापासून दूर राहिली.

हा उंबरठा ओलांडावयाचा तर जहाजेंच आपलीं हवींत, हें उघड होतें. १९१९ सालीं सोलापुरांत जन्मलेले वालचंद हिराचंद, नरोत्तम मोरारजी आदि उद्योगपतींनीं सिंधिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी काढली. ग्वाल्हेर दरबाराकडून घेतलेली ‘लॉयल्टी’ ही तिची आगबोट त्या वर्षीं ५ एप्रिलला मुंबईहून लंडनकडे निघाली. भारतांत तो दिवस आज राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. परंतु जहाज आपलें झालें तरी तें चालविणारे सनदी अधिकारी आपले नव्हते. १९२२ सालीं सर शिवस्वामी अय्यर यांनीं मध्यवर्ती कायदेमंडळांत हा प्रश्न मांडला. त्यांतून कॅप्टन हेडलम यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमण्यांत आली, आणि हिंदी मुलांसाठीं शिक्षणाचें जहाज सुरू करावें अशी शिफारस तिनें केली.

त्या शिफारशीचें फळ म्हणजे ‘डफरिन’. १९०४ सालीं बांधलेली ही सैन्यवाहू बोट १९२७ सालीं माझगांवसमोरच्या पाण्यांत शाळा होऊन उभी राहिली. देशाच्या निरनिराळ्या प्रांतांतून प्रवेशपरीक्षा देऊन आलेलीं मुलें तेथें तीन वर्षें राहत. पहांटे उठून डेक घासणें, दोराच्या गांठी मारणें, होडी वल्हविणें, निशाणांची भाषा शिकणें आणि त्याच्या जोडीला शाळेंतलें गणित, भूगोल, इंग्रजी, असा तो क्रम होता. ज्यांच्या घरांत कोणीं समुद्राचें पाणी घोट्यावर येऊं दिलें नव्हतें, अशा कुटुंबांतील मुलेंहि तेथें दाखल झालीं. पहिल्याच तुकडींतील रामदास कटारी पुढें नौदलांत गेले आणि १९५८ सालीं भारतीय नौदलाचे पहिले भारतीय प्रमुख झाले. १९३५ सालीं तेथें इंजिनियरिंगचें शिक्षणहि सुरू झालें. मात्र ‘डफरिन’वरून बाहेर पडलेल्या मुलालाहि सनदेपूर्वीं उमेदवारी करावीच लागे, आणि तिला जहाज लागे. सिंधिया कंपनीनें आपल्या बोटींवर या मुलांना जागा दिल्या नसत्या, तर त्यांचें शिक्षण बंदरांतच नांगर टाकून बसलें असतें.

स्वातंत्र्यानंतर ही घडी विस्तारली. १९४८ सालीं मुंबईंत नाविक व इंजिनियर यांच्या परीक्षांसाठीं महाविद्यालय निघालें. १९४९ सालीं नौवहन महासंचालनालय स्थापन झालें. साध्या खलाशांना कांहीं शिकवावयाचें असतें, हा विचारहि तेव्हांच मूळ धरूं लागला. ‘भद्रा’, ‘मेखला’ व ‘नौलक्षी’ हीं जहाजें त्यांच्यासाठींच होतीं. १९७२ सालीं ‘डफरिन’ची जागा ‘राजेंद्र’नें घेतली आणि १९९३ सालीं तिचा वारसा नव्या मुंबईंतील ‘चाणक्य’ या किनाऱ्यावरच्या संस्थेकडे गेला.

मध्यंतरीं जगापुढें निराळाच प्रश्न उभा राहिला होता. जहाज एका देशाच्या मालकाचें, निशाण दुसऱ्याचें, नाविक तिसऱ्याचे, असा प्रकार वाढला. मग दाखला कोणाचा खरा मानावयाचा? १८ मार्च १९६७ रोजीं ‘टोरी कॅनियन’ हें लायबेरियाच्या निशाणाचें प्रचंड तेलवाहू जहाज इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोंकाजवळील खडकांवर आदळलें आणि एक लाखाहून अधिक टन तेल त्याच्याबरोबर गेलें. कप्तान सनदी होता, अनुभवीहि होता. पण भरतीची वेळ गांठण्याची घाई झाली. आणि ऐन वेळीं चाक फिरविलें तेव्हां सुकाणू स्वयंचलित यंत्रणेकडे राहिलें असल्यामुळें जहाज वळलेंच नाहीं. एका माणसाच्या खिशांतील दाखला पुरेसा नसून, पहाऱ्यावरील सर्वांची शिस्तहि तपासली पाहिजे, हा धडा त्यांतून मिळाला. १९७८ सालीं लंडन येथें नाविकांचें प्रशिक्षण, दाखले व पहारा यांविषयींचा आंतरराष्ट्रीय करार झाला. १९८४ पासून तो अमलांत आला. १९९० सालीं ‘स्कँडिनेव्हियन स्टार’ या बोटीवर आग लागून दीडशेहून अधिक प्रवासी मेले. नव्यानें भरलेल्या नोकरवर्गाला आगीच्या वेळीं काय करावयाचें याचा सराव नव्हता. १९९५ सालीं करार अधिक कडक झाला. आतां स्वयंपाक्यापासून कप्तानापर्यंत प्रत्येकाला आग विझविणें, जीव वाचविणें व प्रथमोपचार यांचें शिक्षण घ्यावें लागतें. २०१० च्या मनिला येथील दुरुस्त्यांनीं विश्रांतीचे नियम आणखी घट्ट केले. पहाऱ्यावरच्या माणसाला दिवसांतून किमान दहा तास विश्रांति मिळालीच पाहिजे, असें बंधन आहे. थकलेला शहाणाहि अडाण्याइतकाच घातक ठरतो, हें कायद्यानें मान्य केलें.

जगाला नाविक पुरविणाऱ्या प्रमुख देशांत आज भारताची गणना होते. भारतीय कप्तान ही आतां नवलाची गोष्ट राहिलेली नाहीं. कॅप्टन राधिका मेनन यांना तर समुद्रांत बुडणाऱ्या मच्छिमारांचे प्राण वाचविल्याबद्दल २०१६ सालीं आंतरराष्ट्रीय शौर्यपुरस्कार मिळाला. तरीहि जुना उंबरठा अगदीं झिजला आहे असें नाहीं. शिक्षण देणाऱ्या संस्था वाढल्या, पण उमेदवारीच्या जागा त्या मानानें वाढल्या नाहींत. प्रमाणपत्र हातीं असूनहि जहाजाची वाट पाहत बसलेलीं मुलें आणि त्यांच्या आईबापांकडून जागेच्या आशेवर पैसे उकळणारे दलाल, हें दुःखद चित्र मुंबईला अपरिचित नाहीं. ज्या घरांतून मुलगा वा मुलगी आज या व्यवसायाकडे पाहत असेल, त्या घरानें संस्थेची इमारत व फीचा आंकडा पाहण्यापूर्वीं एकच गोष्ट विचारून घ्यावी: शिक्षण संपल्यावर जहाज कोण देणार? मुंबईस मस्जिद बंदराजवळील इंडियन सेलर्स होममध्यें दोन महायुद्धांत कामीं आलेल्या हिंदी खलाशांचें स्मारक आहे. त्यांच्यांतील कित्येकांचें अर्धें आयुष्य समुद्रावर गेलें. पण हा प्रश्न विचारण्याची संधीच त्यांना मिळाली नव्हती.