तासाभरापासूनचा भूतकाळ

"एसटी आली तेव्हा मी तासाभरापासून वाट पाहत होतो." साताऱ्याच्या स्टँडवर कुणीही सहज म्हणेल असं हे वाक्य. पण वर्गात त्याचं इंग्रजी करायला सांगा, बरीच मुलं "आय वॉज वेटिंग" लिहून थांबतील. 'हॅड बीन' राहून जातं आणि वहीवर लाल रेघ उमटते.

साताऱ्याला इंग्रजी नवी नाही. ७ नोव्हेंबर १९०० रोजी इथल्या सरकारी हायस्कुलात, आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, भिवा रामजी नावाचा मुलगा इंग्रजी पहिलीत दाखल झाला. तेच पुढे बाबासाहेब आंबेडकर. त्या काळी मुलं मराठी इयत्ता संपवून मगच इंग्रजीकडे वळत. मराठी क्रियापद आधीच तोंडात मुरलेलं असे.

आणि मराठीच्या व्याकरणावर इंग्रजीची छाया त्याआधीच पडली होती. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं मराठी व्याकरण १८३६ मध्ये निघालं. कऱ्हाडजवळच्या टेंभूत जन्मलेल्या गोपाळ गणेश आगरकरांनी १८८८ मध्ये 'वाक्यमीमांसा' लिहून मराठी वाक्य उलगडून दाखवलं. समाजसुधारक आगरकर सर्वांना ठाऊक आहेत. वाक्याच्या जोडणीत रमलेले आगरकर आपण विसरलो, हे खरोखर खटकतं.

कारण अडचण जोडणीतच आहे. काम आधी सुरू झालं आणि भूतकाळातल्या एका क्षणापर्यंत चालूच राहिलं, हे इंग्रजी क्रियापदातून सांगते. मराठी त्याचं ओझं 'पासून'वर टाकते आणि क्रियापद साधं 'पाहत होतो' ठेवते. गाइडांनी मात्र तक्ता भरायचा म्हणून 'मी वाट पाहत आलो होतो' असा चालू पूर्ण भूतकाळ रचला. सातारा-सांगलीतल्या कोणत्या घरात कुणी असं बोलतं?

सांगलीत डेक्कन एज्युकेशन सोसायटीचं विलिंग्डन महाविद्यालय १९१९ पासून आहे. तिथे प्राचार्य राहिलेले कन्नड कवी वि. कृ. गोकाक पुढे हैदराबादच्या केंद्रीय इंग्रजी संस्थेचे संचालक झाले. दोन भाषांच्या शिवेवर वावरलेला माणूस इंग्रजीच्या अध्यापनाकडे वळला, हे या भागाला शोभणारंच.

"आय वॉज वेटिंग सिन्स मॉर्निंग" लिहिणारं मूल आळशी नसतं, ते मराठीत नीट विचार करत असतं. म्हणून शिक्षकांना विनंती आहे: 'हॅड बीन'चा तक्ता पाठ करून घेण्याआधी फळ्यावर 'पासून' लिहा आणि तिथून इंग्रजीकडे चला.