नाव हाकायचा दाखला दाखवला, तर विमा स्वस्त होतो का?

बोईसरच्या एमआयडीसीत तीस वर्षं काढून निवृत्त झालेल्या माझ्या एका मित्राने गेल्या हिवाळ्यात एक जुनी फायबरची होडी विकत घेतली. अठरा फुटी, मागे इंजिन. मासेमारीसाठी नाही, निव्वळ हौस. आयुष्यभर केमिकलचा वास घेतला, आता जरा खारा वारा खाऊ म्हणाला. गडी शिस्तीचा. आधी शनिवार-रविवार मुंबईला जाऊन बोट चालवायचा कोर्स केला, सर्टिफिकेट लॅमिनेट करून घेतलं आणि ते विमा एजंटपुढे ठेवलं. एजंटने कागद उलटसुलट बघितला, परत दिला आणि म्हणाला, "काका, हे असलं काय, नसलं काय, प्रीमियम तेवढाच."

मित्र भडकला. त्याचा सवाल साधा होता: मी शिकून आलोय, माझ्या हातून होडी बुडायची शक्यता कमी, मग पैसे तेवढेच का? आणि गंमत अशी की होडीवर त्याच्यासोबत जाणारे मुरब्याचे तांडेल मामा, ज्यांनी चाळीस वर्षं हे पाणी पाहिलंय, त्यांच्याकडे तर लॅमिनेट करायलाही काही नाही. एजंटने त्यांच्याबद्दल विचारलंसुद्धा नाही.

या प्रश्नाचा माग काढत गेलो, तर तो फार जुना निघाला.

समुद्राच्या धोक्याला पैशात मोजायची आपल्याकडची रीत कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सापडते. साध्या कर्जाला शेकडा सव्वा पण महिना, व्यापाऱ्याला पाच, रानातून माल नेणाऱ्याला दहा आणि समुद्रावर जाणाऱ्याला वीस. याज्ञवल्क्य स्मृतीतही रानासाठी दहा आणि समुद्रासाठी वीस हेच आकडे आहेत. महिन्याला वीस टक्के! आजचा खासगी सावकारही लाजेल. पण त्या व्याजात विमाच मिसळलेला होता. आणि मनुस्मृतीत (तिच्याबद्दलचं माझं मत सगळ्यांना ठाऊक आहे, तो वाद आज नको) आठव्या अध्यायात एक कामाची गोष्ट आहे. समुद्रप्रवासात जे कुशल आहेत, ज्यांना ठिकाण, काळ आणि माल कळतो, त्यांनी ठरवलेला दर प्रमाण मानावा. म्हणजे धोक्याची किंमत ठरवायचा मान पाणी जाणणाऱ्या माणसाला होता.

पुढे पश्चिम किनाऱ्यावर जोखमी हुंडी चालायची. साधी हुंडी वटवावीच लागते. जोखमी हुंडीचे पैसे गलबत सुखरूप बंदराला लागलं तरच मिळायचे. बुडालं तर हुंडी घेणाऱ्या सावकाराचे पैसेही बुडाले. कर्ज, हुंडी आणि विमा असं तिन्ही एकाच कागदात. आता विचार करा, असा कागद घेताना सावकार काय काय बघत असेल? गलबत कुणाचं, मोसम कोणता आणि सुकाणूवर कोण. नाखव्याचं नाव चांगलं असेल तर सौदा सोपा होणारच. सर्टिफिकेट नव्हतं, पण माणूस माहितीतला होता.

मग हे तुटलं कुठे? विमा मोठा झाला, बाजार लांब गेला आणि पैसे लावणाऱ्याला सुकाणूवरचा माणूस दिसेनासा झाला, तिथे. १८३६ साली ब्रिटिश संसदेने जहाजं का बुडतात हे शोधायला समिती नेमली. तिचा अध्यक्ष होता जेम्स सिल्क बकिंगहॅम. हा गृहस्थ आपल्या ओळखीचा आहे. कलकत्त्यात 'कलकत्ता जर्नल' काढून कंपनी सरकारवर टीका करायचा, म्हणून १८२३ मध्ये त्याला हद्दपार केलं होतं. त्याआधी तो मुंबईत आला तेव्हा मस्कतच्या इमामाच्या जहाजाची कप्तानी त्याला चालून आली होती, पण कंपनीचा परवाना नाही म्हणून सरकारने ती करू दिली नाही. जहाज हाकता येत होतं, कागद नव्हता! अशा माणसाच्या समितीने निष्कर्ष काढला की कप्तानांचं अज्ञान आणि दारू ही बुडण्याची मोठी कारणं आहेत. शिवाय विमा असल्यामुळे मालक निर्धास्त होतात आणि बेफिकीर वागतात, हेही तिने नोंदवलं. कप्तानांची परीक्षा घ्या, ही मागणी त्यातूनच जोरात पुढे आली.

१८५० साली कायदा झाला. परदेशी जाणाऱ्या ब्रिटिश जहाजांच्या कप्तानांना आणि मेटना दाखला सक्तीचा झाला. पण त्या कायद्याने दोन प्रकारचे दाखले काढले, आणि माझ्या दृष्टीने या सगळ्या गोष्टीतली ही सगळ्यात महत्त्वाची बाब आहे. नव्याने येणाऱ्यांसाठी परीक्षा देऊन मिळणारा क्षमतेचा दाखला. आणि जे आधीच वर्षानुवर्षं जहाजं हाकत होते, त्यांच्यासाठी परीक्षेशिवाय सेवेचा दाखला. म्हाताऱ्या कप्तानाला कुणी म्हटलं नाही की बाबा रे, तुझं चाळीस वर्षांचं ज्ञान शून्य, आधी फॉर्म भर.

बरं, दाखला म्हणजेच सगळं असंही नाही. १९१९ साली 'क्लॅन गॉर्डन' नावाचं जहाज भर समुद्रात उलटलं. कप्तान रीतसर दाखलेवाला, अनुभवी. पण त्या विशिष्ट बांधणीच्या जहाजाच्या टाक्यांतलं पाणी अमुक परिस्थितीत काढायचं नाही, ही बांधणाऱ्यांची सूचना मालकांनी त्याला कळवलीच नव्हती. त्याने पाणी काढलं आणि जहाज आडवं झालं. १९२४ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने सांगितलं की कप्तानाला त्याच जहाजाचं आवश्यक ज्ञान नसेल, तर ते जहाजच समुद्रात जायच्या लायकीचं नव्हतं. म्हणजे लाकूड-लोखंड ठणठणीत असूनही हाकणाऱ्याला ठाऊक नाही म्हणून जहाज नालायक.

हे आपल्याला लागू कसं? आपल्याकडे १९६३ चा सागरी विमा कायदा आहे, तो १९०६ च्या इंग्रजी कायद्यावरच बेतलेला. त्यात दोन गोष्टी माझ्या मित्राच्या कामाच्या आहेत. पहिली, प्रीमियम ठरवताना किंवा विमा द्यायचा की नाही हे ठरवताना शहाण्या विमेवाल्यावर ज्या माहितीचा परिणाम होईल, ती सगळी आधी सांगणं मालकाचं कर्तव्य आहे. होडी कोण हाकणार ही अशीच माहिती नाही तर काय? दुसरी, वर्षभराच्या पॉलिसीत मालकाला माहीत असूनही होडी नालायक अवस्थेत पाण्यात घातली आणि त्यामुळेच नुकसान झालं, तर विमा कंपनी जबाबदार नाही. 'नालायक अवस्था' म्हटलं की आपण भोक पडलेली होडी डोळ्यांपुढे आणतो. कायद्याच्या लेखी सुकाणूवर बसवलेला अडाणी पुतण्याही त्यात येऊ शकतो.

लंडनच्या विमा बाजाराने हौशी नौकांसाठी १९८५ साली जी कलमं ठरवली, ती आजही जगभर वापरतात. वेगवान बोटींच्या कलमात अट आहे की बोट चालू असताना मालक किंवा दुसरा सक्षम माणूस बोटीवर हजर आणि बोट त्याच्या ताब्यात हवी. शब्द 'सक्षम' आहे, 'सर्टिफिकेटवाला' नाही. सक्षम कोण हे ठरतं क्लेमच्या वेळी, आणि तेव्हा मालकाच्या हातात दाखवायला काहीतरी असावं लागतं.

म्हणजे दाखल्याचा भाव प्रीमियम भरताना कळत नाही, क्लेम मागताना कळतो. आपल्या मोटरसायकलचंच बघा ना. लायसन्स आहे म्हणून कुणी हप्ता कमी करत नाही. पाच वर्षं क्लेम केला नाही तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यात ५० टक्क्यांपर्यंत सूट मिळते. पण लायसन्स नसताना ठोकली, तर क्लेम विसरायचा.

इंग्लंडमध्ये मात्र बरेच विमेवाले रॉयल यॉटिंग असोसिएशनचे कोर्स केलेल्यांना सूट देतात. तिथे हौशी माणसाला समुद्रात बोट चालवायला परवाना लागतच नाही, त्यामुळे कोर्स केलेला आणि न केलेला असे दोन गट आपोआप पडतात. बोटीही मुबलक. कोणत्या गटाचे क्लेम किती, हे मांडता येतं. आपल्याकडे १ जानेवारी १९७३ पासून सर्वसाधारण विम्याचं राष्ट्रीयीकरण झालं, शंभरावर कंपन्या चार कंपन्यांत गोळा केल्या आणि जहाजांच्या विम्याचे दर सरकारी समितीच्या कोष्टकातून यायला लागले. कोष्टकाला माणूस दिसत नाही. २००५ मध्ये हे दर खुले झाले, पण सवय गेली नाही. आणि खरं सांगायचं तर पालघर जिल्ह्यात हौसेच्या बोटी आहेत तरी किती? त्यांच्यासाठी कोण हिशोब मांडत बसणार? एजंट खोटं बोलला नव्हता.

पण हिशोब मांडायला हवा होता असं वाटायला लावणारा दिवस या जिल्ह्याने पाहिलाय. १३ जानेवारी २०१८. डहाणूच्या किनाऱ्याजवळ सुमारे चाळीस विद्यार्थ्यांना घेऊन फिरायला निघालेली बोट उलटली आणि तीन मुली गेल्या. त्या संध्याकाळी आमच्याकडे प्रत्येक घरात एकच बोलणं होतं: बोटीत किती पोरं होती, जॅकेटं होती का, चालवत कोण होतं. विमा कंपनीने हेच प्रश्न आधी, हप्ता ठरवताना विचारले तर? आज केळव्याला, डहाणूला पर्यटक वाढतायत, उद्या वाढवणच्या बंदरामुळे पाण्यातली वर्दळ आणखी वाढेल. हे प्रश्न पंचनाम्यातच यायला हवेत असं थोडंच आहे?

आता मुरब्याच्या तांडेल मामांकडे येतो. उधाणाला कुठला खडक झाकतो आणि भांगेला कुठला उघडा पडतो, डोलीच्या कवी कुठे ठोकल्यात, अणुशक्ती केंद्रासमोरून किती लांबून जायचं, खाडीच्या तोंडाशी वाळू यंदा कुठे सरकलीय, हे त्यांना पाठ. 'क्लॅन गॉर्डन'च्या कप्तानाकडे जे नव्हतं, ते नेमकं हेच. आपल्या १९१७ च्या अंतर्देशीय जलवाहतूक कायद्यातही सेवेच्या दाखल्याची तरतूद होती, म्हणजे १८५० ची कल्पना इथे पोचली होती. पण परीक्षेशिवाय दाखला कुणाला? नौदल, तटरक्षक दल, सैन्य यांच्या नौकांवर काम केलेल्यांना. त्यांना द्यावाच, हरकत नाही. पण ज्या कायद्यात 'सारंग' हा आपल्या खलाशांचा शब्द जसाच्या तसा उतरला, त्यात कोळीवाड्यातल्या सारंगाला अनुभवावर दाखला नाही. २०२१ मध्ये नवा कायदा आला, खाड्या-नद्यांतल्या यांत्रिक नौकांना विमा सक्तीचा झाला. विमा सक्तीचा करताना, ज्यांच्यामुळे धोका कमी होतो त्यांना मोजायची ही वेळ होती. सातपाटीच्या मच्छीमार सहकारी संस्थांना सभासदांच्या पिढ्या माहीत आहेत. कोण किती वर्षं सुकाणूवर आहे, कुणाची बोट कधी लागली, हे त्यांच्याइतकं कुणाला सांगता येईल? अशा संस्थेच्या शिफारशीवर तोंडी आणि पाण्यावरची चाचणी घेऊन सेवेचा दाखला द्या, आणि तो दाखला विमा कंपनीने हप्त्यात धरावा, अशी मागणी आपल्या आमदार-खासदारांनी अजून केलेली माझ्या तरी ऐकण्यात नाही.

मित्राला मी तोवर एवढंच करायला सांगितलं. प्रपोजल फॉर्मसोबत स्वतःच्या सर्टिफिकेटची प्रत जोड आणि पोच घे. मामांचं नाव, वय, अनुभवाची वर्षं लिहून दे, 'होडी हे चालवतील' असं स्पष्ट लिही. 'सक्षम व्यक्ती' म्हणजे कोण, हे कंपनीकडून लेखी मागव. आणि पावसाळ्यात होडी वर काढून शाकारून ठेवणार असशील, तर त्या महिन्यांचा दर वेगळा लावता का ते विचार. हौशी नौकांच्या पॉलिसीत पाण्यातला काळ आणि वर काढून ठेवलेला काळ वेगळा धरायची पद्धत आहे. नारळी पौर्णिमेपर्यंत दर्यावर जायचं नाही हे आपल्या आज्यांना ठाऊक होतं, लंडनवाल्यांनी त्याचं कलम केलं.

पावसाळ्याच्या मुद्द्यावर एजंट म्हणाला, "वर विचारून सांगतो." मामांच्या नावाचा कागद त्याने ठेवून घेतलाय. फॉर्ममध्ये त्यासाठी रकाना नव्हता, म्हणून मागे टाचणी लावली.