काळी लोकर, पांढरी रुई

काळ्या लोकरी कोटावर पांढरे तंतू चिकटलेले दिसले की कोट घालणारा गबाळा, असा निकाल आपण चटकन देऊन टाकतो. वऱ्हाडात तरी हा निकाल अन्यायाचा आहे. इथे कोटावरच्या तंतूंचा संबंध माणसाच्या टापटिपीशी थोडा आणि कापसाच्या हंगामाशी फार. हे पडताळून पाहायला चिखलदऱ्याइतकी सोयीची जागा नाही. परतवाड्याहून तीसेक किलोमीटर घाट चढून गेले की सुमारे 1,100 मीटर उंचीवर हे गाव लागते. खाली अचलपूर, अंजनगाव, दर्यापूर, अमरावती हा काळ्या जमिनीचा, पऱ्हाटीचा मुलूख. वर सागाचे जंगल, पावसाळाभर धुके आणि थोडी कॉफी. लोकरीची गरज वरच्या गावाला जास्त, रुईचा उपद्रव मात्र खालच्या गावांना. कोट नीट ठेवण्याची अडचण एकट्या लोकरीमुळे येत असती, तर तिचा जाच चिखलदऱ्यात सर्वांत जास्त व्हायला हवा होता. तसे होत नाही. काळे लोकरी कापड आणि मोकळी उडणारी रुई ही दोन्ही एका जागी, एकाच वेळी यावी लागतात, आणि वऱ्हाडात ती तशी आली एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात.

आधी लोकरीचे पाहू. 1803 च्या डिसेंबरात इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीच्या फौजेने गाविलगड किल्ला घेतला. त्यानंतर वीस वर्षांनी, 1823 मध्ये, हैदराबादच्या पलटणीतल्या कॅप्टन रॉबिन्सनने शेजारचे चिखलदऱ्याचे पठार साहेबलोकांच्या नजरेस आणले. 1853 मध्ये निजामाने वऱ्हाड कंपनी सरकारकडे सोपवला. पायथ्याशी परतवाड्याला छावणी होतीच. आता जिल्ह्याजिल्ह्यांत कचेऱ्या आल्या, न्यायालये आली, आणि उन्हाळ्यात अंमलदारांना थंड हवेसाठी चिखलदरा सापडला. या मंडळींबरोबर सर्जचा, बनातीचा, पुढे अल्पाकाचा गडद कोट वऱ्हाडात रुळला. सुरुवातीला तो साहेबाच्या अंगावर होता, मग शिरस्तेदाराच्या, मास्तराच्या आणि वकिलाच्या. अमरावतीच्या वकिलांची पुढची पिढी म्हणजे दादासाहेब खापर्डे, रावबहादूर मुधोळकर, मोरोपंत जोशी. 1897 च्या अमरावतीतल्या काँग्रेस अधिवेशनाच्या काळात गडद लांब कोट हा शहरी, शिकलेल्या माणसाचा पोशाख म्हणून स्थिरावला होता. त्याखाली धोतर, खांद्यावर उपरणे, डोक्यावर पगडी किंवा फेटा.

रुईची गोष्ट त्याच वर्षांतली आहे. अमेरिकेतल्या यादवी युद्धाने 1861 ते 1865 या काळात तिथला कापूस विलायतेला मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या कापसाला कधी नव्हता असा भाव आला. 1867 मध्ये मुंबईची रेल्वे नागपूरला पोचली. 1870 मध्ये जलंबहून खामगावला खास कापसासाठी फाटा निघाला आणि त्याच्या उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आला. रेल्वेमागोमाग वाफेवरची जिनिंग आणि प्रेस आली. जिनात काय होते ते जवळून पाहण्यासारखे आहे. चामड्याचा खरखरीत रूळ कापसाचे तंतू ओढून घेतो, पात्याशी अडलेली सरकी खाली पडते आणि रुई पुढे मोकळी होऊन बाहेर येते. लांब तंतू एकमेकांत गुंतून राहतात. तुटके आणि आखूड तंतू हवेत उडतात. वऱ्हाडचा कापूस आखूड धाग्याचाच. लिव्हरपूलच्या बाजारात उमरावती, म्हणजे अमरावतीच्या, नावावरून ‘ओमरा’ म्हणून तो ओळखला जाई, आणि पुढे रोझियम या वाणाचा प्रसार झाला तो उतारा जास्त म्हणून, धागा लांब म्हणून नव्हे. अशी रुई जिनाच्या दारातून, उघड्या बंड्यांतून, बाजाराच्या आवारातून गावभर पसरणारच.

हंगामाचा मेळही असा बसला की कोटाची सुटका नाही. वेचणी दसरा-दिवाळीच्या सुमारास सुरू होते, जिनांची घरघर त्यामागोमाग, आणि ती हिवाळाभर चालते. कोट अंगावर चढण्याचे महिनेही तेच. त्या दिवसांत वऱ्हाडची हवा कोरडी असते. कोरड्या हवेत लोकर घासली गेली की तिच्यावर विजेचा भार साठतो आणि ती हलके तंतू ओढून घेते. शिवाय लोकरीच्या केसावर सूक्ष्म खवले असतात, त्यांत आखूड तंतू अडकून बसतो. दमट हवेत हा भार टिकत नाही, म्हणून पावसाळ्यात कोट घातला तरी तंतू तितके धरत नाहीत, आणि तेव्हा जिनेही बंद असतात.

यावर पहिला आक्षेप असा येईल की कापूस वऱ्हाडाला नवा नव्हता. सरकी काढायचे हाताचे रेचे घरोघरी होते, पिंजारी गादीसाठी कापूस पिंजत होते, मग रुई तेव्हा उडत नव्हती का? उडत होती, पण घरातल्या घरात, थोडी थोडी, आणि पडत होती पांढऱ्या धोतरावर, पांढऱ्या अंगरख्यावर. पांढऱ्यावर पांढरे कोण पाहतो? दुसरा आक्षेप घोंगडीचा. धनगराची काळी घोंगडी कोटाच्या कितीतरी आधीची, मग काळी लोकर नवी कशी? हा आक्षेप मला पहिल्यापेक्षा मोलाचा वाटतो, कारण त्यातून खरा फरक कळतो. घोंगडीचे सूत चिंचोक्याच्या खळीत भिजवलेले, वीण जाडसर, अंग खरबरीत. तिच्यावर काटा, गवत, रुई काहीही पडो, ती झटकून खांद्यावर टाकली की काम झाले. तिची तपासणी करणारे कोणी नव्हते. कोटाची तपासणी मात्र कचेरीत वरिष्ठाच्या टेबलासमोर होत होती, कोर्टात न्यायाधीशासमोर होत होती. तंतू आधीही होते, पण त्यांची लाज वाटणे हे कोटाबरोबर आले.

तिसरा आक्षेप सर्वांत अवघड आहे: तंतू जिनातले कशावरून, उपरण्याचे का नसतील? पांढरे सुती उपरणे दिवसभर काळ्या खांद्यावर घासत असेल तर तंतू सुटणारच, हे मान्य करायलाच हवे. मात्र परटाने खळ देऊन इस्त्री केलेल्या कापडाचे तंतू बसलेले असतात, आणि उपरण्याचे जे सुटतील ते खांद्यावर आणि गळपट्टीजवळ सापडतील. पाठीच्या मध्यावर, अस्तन्यांच्या मागे जे पडते ते वरून, हवेतून आलेले. दोन्ही कारणे खरी, पण हंगामानुसार कमीजास्त होते ते हवेतून येणारेच.

उपाय साधे होते आणि आजही तेच आहेत. कोट खुंटीला न लावता खांदे ताणून टांगायचा, आधी झटकायचा, मग राठ केसांच्या ब्रशाने वरून खाली, लवीच्या दिशेने, एकेक हात मारायचा. उलटसुलट घासले तर तंतू आत रुततो. हात किंचित ओला करून फिरवला तर उरलेले तंतू हाताला येतात. चिंब फडका मात्र त्यांचा लगदा करून विणीत दाबतो. आणि ब्रश न मारता ओल्या फडक्यावरून कोळशाची इस्त्री फिरवली तर ते जवळजवळ कायमचे बसतात. चिखलदऱ्याला ही चिंता कमी, तिथली चिंता वेगळी. लोकर आपल्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंत बाष्प शोषते आणि तरी हाताला ओली लागत नाही; म्हणून पावसाळ्यात पेटीत बंद राहिलेल्या कोटाला कुबट वास येतो, बुरशी धरते. कसर लागते ती वेगळीच. तिथे ब्रशापेक्षा ऊन, कडुनिंबाचा पाला आणि डांबराच्या गोळ्या महत्त्वाच्या.

एवढ्या क्षुल्लक गोष्टीचा इतिहास कशाला, असे कोणी म्हणेल. कोटावर पडणारी रुई जिनात काम करणाऱ्या बायाबापड्यांच्या छातीतही जात होती, हे त्याचे उत्तर आहे. 1881 च्या फॅक्टरी कायद्यात वर्षातून चार महिन्यांहून जास्त चालणारे कारखानेच धरले होते, म्हणजे हंगामी जिने बरीचशी सुटली. ब्रशाने निघण्याजोगी रुई ज्यांच्या वाट्याला आली त्यांचे फोटो आणि चरित्रे आहेत. छातीत साठलेली रुई ज्यांच्या वाट्याला आली त्यांची नावेही नाहीत.

1920 च्या नागपूरच्या काँग्रेस अधिवेशनानंतर असहकाराबरोबर खादी आली, काही वकिलांनी कोर्ट सोडले, आणि पांढऱ्यावर पांढरे पुन्हा दिसेनासे झाले. पण वकिलाचा काळा कोट गेला नाही. बार कौन्सिलच्या नियमांत खालच्या न्यायालयांपुरती उन्हाळ्यात कोटाची सक्ती नाही. सक्ती राहते ती उरलेल्या महिन्यांत, आणि त्यांतच जिनांचा ऐन हंगाम येतो. त्यातून आता कोट बहुधा टेरिकॉटचा किंवा निव्वळ पॉलिएस्टरचा असतो. तो लोकरीइतके बाष्प शोषत नाही, त्यामुळे कोरड्या हवेत त्याच्यावर विजेचा भार जास्त साठतो, आणि जानेवारीत अमरावतीच्या कोर्टात जाणाऱ्या वकिलाला आजोबांच्या सर्जच्या कोटापेक्षा हा कोट जास्त वेळा झटकावा लागतो.